विश्लेषण : जखम जिभेवर, मग शस्त्रक्रिया मानेची का? तोंडाचा कर्करोग लसीकावाहिन्यांतून कसा पसरतो?

जिभेच्या कडेला जेमतेम दोन सेंटिमीटरची जखम. बायोप्सीत कर्करोग निघालेला. स्कॅनमध्ये मान स्वच्छ, हाताला गाठ लागत नाही. तरीही शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर जिभेबरोबर मानेचाही उल्लेख असतो आणि नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आजार तोंडात आहे, मग मान का कापायची? प्रश्न रास्त आहे. जगभरातील शल्यविशारदही यावर अनेक दशके वाद घालत होते. त्या वादाचे सर्वांत वजनदार उत्तर मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालयातून २०१५ मध्ये आले. हे उत्तर समजून घ्यायचे तर आधी शरीरातील एका दुर्लक्षित जाळ्याची, लसीकावाहिन्यांची ओळख करून घ्यावी लागते. कारण तोंडातील कर्करोग या जाळ्यातून नुसता वाहत जात नाही, तर तो स्वतःसाठी त्या जाळ्याला नव्या फांद्या फोडतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार जणांचा मृत्यू झाला. जगभरातील नव्या रुग्णांचा आकडा ३ लाख ९० हजारांच्या घरात होता. म्हणजे जगातील दर तीन रुग्णांमागे एकाहून अधिक रुग्ण भारतातील. या रुग्णाचे पुढे काय होणार, हे ठरवणाऱ्या गोष्टींत मानेतील गाठींचे महत्त्व सर्वाधिक आहे. आजार मानेतील लसीकाग्रंथीपर्यंत पोहोचला असेल, तर जगण्याची शक्यता ढोबळमानाने निम्म्यावर येते, असे या क्षेत्रात मानले जाते.

लसीकावाहिन्या नेमके काय करतात?

हे समजण्यासाठी वारज्यातील रहिवाशाला फार दूर जायला नको. खडकवासल्याचे पाणी वारजे जलकेंद्रातून पुढे पश्चिम पुण्याच्या मोठ्या भागात जाते. गुरुवारी पाणी बंद राहिले, की या केंद्राची आठवण सगळ्यांना होते. पण घरात आलेले पाणी बाहेर नेणारे दुसरे जाळेही जमिनीखाली असते. ते तुंबेपर्यंत कोणाला आठवत नाही. शरीरातही अशीच दोन जाळी आहेत. रक्तवाहिन्यांतून दाबाने रक्त येते आणि त्यातील थोडा द्रव केशवाहिन्यांतून आजूबाजूच्या पेशींमध्ये झिरपतो. यातला बराचसा पुन्हा शोषला जातो, पण उरलेला दिवसाकाठी दोन ते तीन लिटर द्रव बाहेरच राहतो. तो गोळा करून मानेच्या मुळाशी असलेल्या मोठ्या शिरांमधून पुन्हा रक्तात सोडण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. या द्रवालाच लसीका म्हणतात. हे जाळे तुंबले की काय होते, ते हत्तीरोगाच्या रुग्णाच्या पायाकडे पाहून कळते.

साम्य इथे संपते. पाण्याचे नळ आणि मलवाहिन्या यांच्या भिंती बंद असतात. लसीकेच्या सर्वांत बारीक वाहिन्यांच्या तशा नसतात. त्यांचे एक टोक बंद असते आणि भिंतीतील पेशी कौलारू छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर रचलेल्या असतात. बाहेर द्रव साठून दाब वाढला, की ही कौले आत उघडतात. आतला दाब वाढला की मिटतात. उघडलेल्या फटीतून प्रथिने, जिवाणूंचे तुकडे आणि संसर्गाची वर्दी घेऊन निघालेल्या रोगप्रतिकारक पेशीसुद्धा आत शिरू शकतात. शरीराने ही सोय पांढऱ्या पेशींसाठी केली आहे. कर्करोगाच्या पेशीही त्याच दारातून जातात. रक्तवाहिनीची भिंत भेदणे त्यामानाने कितीतरी अवघड.

या जाळ्याला हृदयासारखा पंप नाही. मोठ्या लसीकावाहिन्या स्वतः आकुंचन पावतात, त्यांत एकेरी झडपा असतात आणि बाकीचे काम आजूबाजूचे स्नायू करतात. तोंडाच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. जीभ म्हणजे जवळपास निव्वळ स्नायू. बोलणे, चावणे, गिळणे यांमुळे ती दिवसभर हलत असते आणि लसीका खाली मानेकडे ढकलली जाते. तिथे वाटेत लसीकाग्रंथींची साखळी आहे. शरीरातील एकूण लसीकाग्रंथींपैकी जवळपास एक तृतीयांश मानेत असतात. शल्यविशारद मानेचे पट्टे पाडून त्यांना क्रमांक देतात. तोंडातील लसीका प्रथम हनुवटी व जबड्याखालच्या पहिल्या पट्ट्यात आणि मानेच्या मोठ्या शिरेलगतच्या दुसऱ्या व तिसऱ्या पट्ट्यांत जाते. म्हणूनच गालातील कर्करोगाची गाठ बहुधा जबड्याखाली सापडते. जीभ मात्र कधी कधी पहिला पट्टा ओलांडून थेट पुढच्या पट्ट्यात आजार नेते.

इतके महत्त्वाचे जाळे इतकी वर्षे दुर्लक्षित का राहिले?

इटलीतील शरीररचनातज्ज्ञ गास्पारे आसेल्ली यांना १६२२ मध्ये नुकतेच खाणे झालेल्या एका कुत्र्याच्या आतड्याजवळ दुधासारखे पांढरे धागे दिसले. त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२७ मध्ये छापले गेले. म्हणजे हार्वे यांचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ येण्याच्या एक वर्ष आधी. तरीही पुढची साडेतीन शतके रक्तवाहिन्यांचाच बोलबाला राहिला. कारण साधे होते. लसीका जवळपास रंगहीन, तिच्या वाहिन्यांची भिंत कमालीची पातळ. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर बारीक लसीकावाहिनी कोणती आणि रिकामी केशवाहिनी कोणती, हे खात्रीने सांगता येत नसे. जे वेगळे ओळखता येत नाही ते मोजणार कसे?

१९९० च्या दशकात चित्र बदलले. हेलसिंकी येथील कारी अलितालो यांच्या गटाने १९९६ मध्ये ‘व्हीईजीएफ-सी’ या प्रथिनाचा शोध लावला. हे प्रथिन लसीकावाहिन्यांच्या पेशींवरील ‘व्हीईजीएफआर-३’ या ग्राहीला चिकटते आणि त्या पेशींना वाढण्याचा, पुढे सरकण्याचा हुकूम देते. १९९९ च्या सुमारास पोडोप्लॅनिन आणि ‘लाइव्ह-१’ ही लसीकावाहिन्यांवर ठळकपणे आढळणारी प्रथिने हाती आली. आता रंगद्रव्य लावून या वाहिन्या वेगळ्या ओळखता येऊ लागल्या. गर्भावस्था आणि जखम भरणे सोडता, प्रौढ शरीरात नव्या लसीकावाहिन्या क्वचितच तयार होतात. पण जुनाट दाह आणि कर्करोग असेल तिथे त्या फुटतात, हे दिसू लागले.

कर्करोग नवी वाट कशी तयार करतो?

कर्करोगाच्या पेशी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या काही पांढऱ्या पेशी ‘व्हीईजीएफ-सी’ आणि त्याचे भावंड ‘व्हीईजीएफ-डी’ सोडतात. जवळच्या लसीकावाहिनीला त्याची चाहूल लागते. तिची भिंत त्या दिशेने कोंब फोडते, जुनी वाहिनी रुंद होते, झडपा सैल पडतात आणि प्रवाह वाढतो. २००१ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी उंदरांवर हे दाखवून दिले. गाठीतील पेशींना ही प्रथिने जास्त बनवायला लावली, तर लसीकावाहिन्या वाढल्या आणि ग्रंथींमधील प्रसारही वाढला.

येथे एक बारकावा आहे. नव्या वाहिन्या गाठीच्या आतही दिसतात, म्हणून आधी वाटले की प्रसार आतूनच होत असावा. २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील अभ्यासाने वेगळेच दाखवले. गाठ वाढते तशी आतला दाब वाढतो आणि आतल्या वाहिन्या चेपल्या जाऊन निकामी होतात. काम करतात त्या गाठीच्या काठावरच्या. शल्यविशारद गाठीबरोबर सभोवतालची सुमारे एक सेंटिमीटर निरोगी दिसणारी किनारही कापून काढतात, त्याची कारणे अनेक आहेत. पण खरी हालचाल काठावर चालते, हे त्यातले एक मानायला हरकत नाही.

पेशी त्या दारापर्यंत नुसत्या योगायोगाने पोहोचतात, असेही नाही. लसीकावाहिन्यांच्या पेशी ‘सीसीएल-२१’ नावाचा रासायनिक इशारा सोडतात. एरवी तो रोगप्रतिकारक पेशींना ग्रंथीकडे बोलावण्यासाठी असतो. तो ओळखणारी ग्राही काही कर्करोग पेशी स्वतःवर उभारतात आणि त्याच हाकेला ओ देत निघतात. प्राण्यांवरील प्रयोगांत याहून चकित करणारी गोष्ट दिसली : कर्करोगाची एकही पेशी पोहोचण्यापूर्वी पहिल्या ग्रंथीतील लसीकावाहिन्या वाढू लागतात. पाहुणा निघण्याआधीच मुक्कामाची तयारी सुरू होते.

तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांत ‘व्हीईजीएफ-सी’चे प्रमाण आणि गाठीच्या काठावरील लसीकावाहिन्यांची दाटी जास्त असेल, तर मानेतील प्रसारही जास्त आढळतो, असे अनेक अभ्यासांनी नोंदवले आहे. पण सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. वाहिन्या कुठे मोजायच्या, गाठीत की काठावर, यावरही आकडा बदलतो. त्यामुळे अशी मोजणी अजून रोजच्या अहवालात आलेली नाही. अहवालात येते ती त्यापुढची पायरी, म्हणजे वाहिनीच्या आत कर्करोगाच्या पेशी प्रत्यक्ष दिसल्या का, ही नोंद.

मान स्वच्छ दिसत असतानाही शस्त्रक्रिया का?

कारण काही पेशींचा पुंजका ग्रंथीत शिरला, तर ग्रंथी मोठी होत नाही. बोटाला लागत नाही. एक-दोन मिलिमीटरचा ठिपका सोनोग्राफी, सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅनलाही खात्रीने दिसत नाही. मग करायचे काय? एक बाजू म्हणत होती, जीभ किंवा गालावर शस्त्रक्रिया करतानाच मानेतील ग्रंथी काढून टाका. दुसरी बाजू म्हणत होती, सरसकट सगळ्यांच्या माना कापण्याऐवजी लक्ष ठेवा आणि गाठ आली तरच काढा. दोन्ही बाजूंकडे तर्क होता. नव्हता तो भक्कम पुरावा. टाटा रुग्णालयातूनच १९८९ मध्ये जिभेच्या कर्करोगावरचा एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, पण त्यात रुग्ण होते अवघे ७०. एवढ्यावर निकाल लागण्यासारखा नव्हता.

२००४ मध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी चाचणी सुरू केली. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात, एका बाजूला आणि मानेत गाठ नाही, असे रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथी काढल्या. दुसऱ्यात फक्त तोंडाची शस्त्रक्रिया करून मानेवर नजर ठेवली. चाचणीत एकूण ५९६ रुग्ण दाखल झाले. पहिल्या ५०० जणांचे निष्कर्ष मे २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वेळी अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत मुख्य सत्रात मांडले गेले.

मान आधीच साफ केलेल्या गटात तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण जिवंत होते. वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. आजार न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण ६९.५ विरुद्ध ४५.९ टक्के. सोप्या शब्दांत, अशा दर आठ रुग्णांमागे एकाचा जीव केवळ शस्त्रक्रियेच्या क्रमामुळे वाचत होता. त्यासाठी नवे औषध लागले नाही, महागडे यंत्रही लागले नाही. औषध कंपनीला ज्यातून काही विकता येणार नाही, असा प्रश्न सरकारी मदतीवर चालणाऱ्या रुग्णालयाने दहा वर्षे चिकाटीने धरून ठेवला, हे येथे नोंदवायला हवे.

आकड्यांपेक्षाही बोलका भाग पुढे आहे. ज्यांची मान ‘स्वच्छ’ समजून सुरुवातीलाच साफ केली, त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के जणांच्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग सापडला. म्हणजे दहापैकी तिघांमध्ये वाट आधीच पार झाली होती आणि कोणाला पत्ता नव्हता. वाट पाहिलेल्या गटात जेव्हा मानेत गाठ उगवली, तेव्हा ती बहुधा पुढच्या टप्प्यातली होती. अनेकदा ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर आलेली. ‘लक्ष ठेवू’ हे धोरण कागदावर बरे दिसते. पण लक्ष ठेवायचे म्हणजे रुग्णाने ठरलेल्या तारखेला यायला हवे. रोजगार बुडवून, एसटीचे तिकीट काढून, सोबतीला कोणाला तरी घेऊन. गाठ दुखत नसेल तर ती तारीख पुढे ढकलली जाते.

जखमेची रुंदी महत्त्वाची की खोली?

नातेवाईक विचारतात, ‘केवढी आहे?’ त्यांना उत्तर सेंटिमीटरमध्ये मिळते. पण मानेतील प्रसाराचा अंदाज बांधायला खोली अधिक उपयोगी पडते. लसीकावाहिन्या अस्तराच्या वरच्या थरात अत्यंत बारीक असतात. खाली जावे तशा रुंद होतात आणि स्नायूंत त्यांना हालचालीचा जोर मिळतो. पसरट पण उथळ जखम त्यामुळे कमी धोक्याची आणि लहान पण खोल गेलेली जास्त धोक्याची असू शकते. टाटाच्या चाचणीतही तीन मिलिमीटरहून अधिक खोल गेलेल्या गाठींत मानेच्या शस्त्रक्रियेचा फायदा स्पष्ट होता. २०१८ पासून लागू झालेल्या टप्पे ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत खोलीचा समावेश झाला. आता दोन सेंटिमीटरपर्यंतची जखमही पाच मिलिमीटरहून खोल असेल, तर पहिल्या टप्प्यात धरली जात नाही.

गुटखा-सुपारीने तोंड आखडलेल्यांचे काय?

सुपारीमुळे गालाच्या आतले अस्तर घट्ट, पांढुरके होते आणि तोंड उघडेनासे होते. या आजाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात आणि ते नाव मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये दिले. यातून कर्करोग होण्याचा धोका मोठा आहे. पण टाटा रुग्णालयातील डॉ. पंकज चतुर्वेदी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अनपेक्षित निरीक्षण मांडले. अशा आखडलेल्या तोंडात झालेला कर्करोग तरुण पुरुषांत जास्त दिसत असला, तरी त्याचा मानेतील ग्रंथींत प्रसार तुलनेने कमी होता. का? एक शक्यता अशी की चिवट तंतूंनी अस्तराखालच्या बारीक वाहिन्याच गिळून टाकल्या असाव्यात. निचऱ्याचे जाळेच बुजले, म्हणून प्रवासाची सोय कमी. हे अद्याप अनुमान आहे आणि त्याने धीर घेण्यासारखे काही नाही. तोंड उघडत नसल्यामुळे आतली जखम दिसत नाही, डॉक्टरांना तपासता येत नाही आणि निदान लांबते. पण लसीकावाहिन्यांची भूमिका किती खरी आहे, याचा हा एक उलट बाजूने मिळालेला दाखला मानता येईल.

मग वाहिन्यांची वाढ रोखणारे औषध का नाही?

रक्तवाहिन्यांची वाढ रोखून गाठीची उपासमार करण्याची कल्पना जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली आणि २००४ मध्ये त्या तत्त्वावरचे बेव्हॅसिझुमॅब अमेरिकेत मान्य झाले. लसीकावाहिन्यांबाबतही तसेच घडेल, अशी आशा होती. ‘व्हीईजीएफआर-३’ अडवणारी प्रतिपिंडे माणसांवर सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत पोहोचली, पण गाठींवर त्यांचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. तोंडाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत असे एकही औषध आलेले नाही.

अडचण वेळेची आहे. निदान होते तेव्हा दहापैकी तिघांमध्ये वाट वापरून झालेली असते. आता रस्ता बंद करून उपयोग काय? दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. याच वाहिन्यांतून कर्करोगाची खबर रोगप्रतिकारक पेशींपर्यंत पोहोचते. ग्रंथी म्हणजे शत्रूचा मुक्काम, तशीच ती सैन्याची छावणीही. येल विद्यापीठातील अकिको इवासाकी यांच्या गटाने २०२० मध्ये उंदरांच्या मेंदूतील गाठीवर प्रयोग केला. तिथे उलट ‘व्हीईजीएफ-सी’ वाढवल्यावर प्रतिकारशक्तीने गाठीवर अधिक जोरकस हल्ला केला. एकच प्रथिन एका ठिकाणी चोराला वाट दाखवते आणि दुसऱ्या ठिकाणी पोलिसांना. अशा प्रथिनाला सरसकट बंद करणे धोक्याचे.

एक धागा मात्र महाराष्ट्रातूनच पुढे गेला आहे. सेलेकॉक्सिब ही सांधेदुखीची परिचित गोळी ‘कॉक्स-२’ हे विकर अडवते. हे विकर ‘व्हीईजीएफ-सी’ वाढवू शकते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे आणि या जातीच्या वेदनाशामकांनी उंदरांत लसीकावाहिन्यांतून होणारा प्रसार कमी केल्याचेही २०१२ मध्ये नोंदवले गेले. टाटा रुग्णालयातील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आदींनी शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या रुग्णांना मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या अल्प मात्रेतील गोळ्या दिल्या. २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ७.५ महिने, तर सिस्प्लॅटिनची इंजेक्शने घेणाऱ्यांचे ६.१ महिने भरले. फरक दीड महिन्याचा. पण गोळ्या स्वस्त आणि घरी घेता येण्याजोग्या. त्यामागे लसीकावाहिन्यांवरचा परिणाम किती, हे या चाचणीने तपासलेले नाही. त्यामुळे प्रसार रोखण्यासाठी कोणी औषधाच्या दुकानातून सांधेदुखीची गोळी आणून खाण्यात अर्थ नाही. पोट आणि मूत्रपिंडाला त्रास व्हायचा तो होईल.

प्रत्येकाची मान उघडणे टाळता येईल का?

दहापैकी तिघांसाठी दहाही जणांची मान उघडली जाते, हे खरेच. त्याची किंमत असते. खांद्याकडे जाणारी नस ताणली गेली, तर हात वर उचलताना त्रास होतो. जबड्यालगतची बारीक नस दुखावली, तर खालचा ओठ एका बाजूला हलत नाही. चेहऱ्यावर, हनुवटीखाली सूज राहते, कारण निचऱ्याचे जाळेच काढलेले असते. गवंडीकाम किंवा हमाली करणाऱ्यासाठी खांदा ही किरकोळ बाब नाही.

यावर ‘सेंटिनेल नोड बायोप्सी’ हा मार्ग आहे. जखमेभोवती किरणोत्सारी द्रव्य किंवा रंग टोचायचा, तो लसीकेबरोबर सर्वांत आधी कोणत्या ग्रंथीत जातो ते शोधायचे, तेवढीच ग्रंथी काढून बारकाईने तपासायची आणि ती स्वच्छ असेल तर बाकीची मान तशीच ठेवायची. म्हणजे कर्करोगाचीच वाट वापरून त्याचा माग काढायचा. फ्रान्स (२०२०) आणि जपान (२०२१) येथील चाचण्यांत या पद्धतीने रुग्णांचे आयुष्य कमी झाले नाही, असे दिसले. पण त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग, सराव असलेला शल्यविशारद आणि एका ग्रंथीचे अनेक पातळ काप तपासणारा विकृतिशास्त्रज्ञ एकाच ठिकाणी लागतो. मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालये सोडली, तर ही जुळणी सोपी नाही.

‘सुई लावली की पसरतो’ यात तथ्य किती?

वारजे-माळवाडी असो की मावळातले गाव, बायोप्सीला नकार देण्यामागे ही भीती हमखास असते. आतापर्यंतचे वाचले तर उत्तर दिसते. कर्करोगाला वाट करून द्यायला सुईची गरज नसते. ती त्याने आधीच तयार करायला घेतलेली असते. तपासणी टाळून तिला आणखी काही आठवडे मिळतात, इतकेच. याउलट, एका चुकीबाबत सावध राहायला हवे. मानेत गाठ दिसली, की आपल्याकडे क्षयाचा संशय आधी येतो, आणि तो चुकीचाही नाही, कारण मानेतील क्षयाच्या गाठी सर्रास आढळतात. पण तंबाखू खाणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्याच्या मानेत गाठ असेल, तर क्षयाचे औषध सुरू करण्याआधी तोंडाची नीट तपासणी आणि गाठीची बारीक सुईने तपासणी व्हायला हवी. मिश्रीचा उल्लेख मुद्दाम. ती दात घासण्याची वस्तू समजली जाते. त्यामुळे ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला घरातील बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. डॉक्टरांनी ‘मिश्री लावता का?’ असे वेगळे विचारावे लागते.

दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, हिरडीलगत सैल झालेला दात, तोंड कमी उघडणे, यासाठी दंतवैद्याचा साधा आरसा आणि बॅटरी पुरते. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी अशीच नजरेने तपासणी केली, तेव्हा तंबाखू वा दारूचे व्यसन असलेल्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. तीन मिलिमीटर खोल जाण्याआधी जखम सापडली, की मानेचा प्रश्नच अनेकदा उरत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात काय पाहावे?

अहवाल इंग्रजीत असतो आणि बहुतेक घरांत तो फाइलमध्ये जातो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारण्यासारख्या चार नोंदी त्यात असतात. ‘डेप्थ ऑफ इन्व्हेजन’ म्हणजे गाठ किती मिलिमीटर खोल गेली. ‘लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन’ म्हणजे लसीकावाहिनीत किंवा रक्तवाहिनीत पेशी दिसल्या का. ‘एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन’ म्हणजे ग्रंथीचे आवरण फोडून आजार बाहेर आला का. तसे असेल तर किरणोपचाराबरोबर केमोथेरपीचा विचार होतो. आणि शेवटी तपासलेल्या ग्रंथींचा आकडा. ‘१/२४’ असे लिहिले असेल, तर २४ ग्रंथी तपासल्या आणि एकीत कर्करोग सापडला. मानेची पुरेशी सफाई झाली असे मानण्यासाठी हा दुसरा आकडा किमान १८ असावा, अशी साधारण अपेक्षा असते. मानेत आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. त्यामुळे पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी मान तपासायला बोलावतात.